उलट बोलण्याचा मोसम

आमच्या ॲन आर्बरमधला बर्फ मार्चमध्ये वितळत नाही, कुजतो. पार्किंगच्या कोपऱ्यात यंत्राने ढकलून ठेवलेला ढीग काळा पडतो आणि त्याच्या पोटातून कुणाचा तरी एकच हातमोजा, कॉफीचा चेपलेला कप, कुत्र्याचा चेंडू असं काय काय वर येतं. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे ओघळ बुटांवर सुकून बसतात. हे दिवस मला आवडतात असं नाही. थंडी जात नाही, ऊन येत नाही, आणि नाक मात्र सारखं वाहतं.

पण परवा सकाळी समोरच्या घरातली मुलगी गाडीत बसताना दिसली. अंगात काळा कोट, इस्त्रीची पँट, पायात गुडघ्यापर्यंत बर्फातले बूट, आणि चांगले बूट पिशवीत घालून हातात. मी खिडकीशी मेथीच्या कुंडीला पाणी घालत होते. मला लगेच कळलं की वादविवादाचा मोसम आला. आमची सईसुद्धा याच दिवसांत अशीच निघायची, वरून वकील आणि खालून शेतमजूर.

सई माझी नात. माझी मुलगी मंजिरी इथे विद्यापीठात नोकरी करते, आणि हे गेल्यानंतर मी तिच्याकडे राहायला आले. सईच्या हायस्कूलमध्ये लुटुपुटीच्या संसदेचा क्लब होता. दोघीजणी सरकार व्हायच्या, दोघीजणी विरोधी पक्ष. सरकारकडून जी पहिली बोलेल ती पंतप्रधान. सकाळी दूध पिता पिता सई मला सांगायची, "आजी, आज मी प्राइम मिनिस्टर आहे."

"मग पंतप्रधानांनी कप धुऊन ठेवावा," मी म्हणायचे.

मी बार्शीची. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न होईपर्यंत घरातली कामं केली, आणि लग्नानंतर दुसऱ्या घरातली. दोन्ही घरांत दिवसभर एकच वाक्य कानावर पडायचं, उलट बोलू नकोस. आईने म्हटलं, सासूने म्हटलं, यांनी म्हटलं. हे तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. दोन वकील सकाळभर एकमेकांवर कसे तुटून पडले आणि दुपारी एकाच बाकावर चहाला कसे बसले, ते मोठ्या कौतुकाने घरी येऊन सांगायचे. कौतुक कोर्टातल्या भांडणाचं. घरात बोलणारे एकटे तेच. आणि इथे पाहते तर उलट बोलायची शिकवणी लावतात, त्याला फी भरतात, वर कप देतात. मला पहिल्यांदा हसू आलं. मग जरा राग आला. राग कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

त्या वर्षी सईची जोडीदार दारिना होती. युक्रेनची मुलगी. युद्ध सुरू झालं तेव्हा आई तिला घेऊन निघाली आणि फिरत फिरत या गावी पोचली. तिची आजी मात्र तिकडेच राहिली. माझं घर, माझी खिडकी, मी नाही येत, म्हणाली. त्या खिडकीला आता काच नाही, लाकडी फळी आहे.

दारिना पहिल्यांदा आली तो दिवस मला चांगला आठवतो. तळघरात कपडे वाळवायच्या यंत्राचा कोमट वास, त्या दोघींचे ओले मोजे हीटरजवळ पसरलेले, भाषणाची वेळ मोजायला फोनवर लावलेलं घड्याळ टिकटिक करतंय. सई बोलत होती. एवढ्यात दारिना ताडकन उभी राहिली, एक हात डोक्यावर घट्ट धरून आणि दुसरा पुढे करून. तशीच उभी, तोंडातून शब्द नाही. मी जिन्याच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते. म्हटलं, पोरीचं डोकं भयंकर दुखतंय आणि आमची सई बघा, हिचं भाषण थांबत नाही. वर गेले, खोबरेल घेऊन आले आणि थेट तिच्या डोक्यावर थापलं.

सई किंचाळली, "आजी! शी इज आस्किंग अ क्वेश्चन!"

समोरचीला मध्येच प्रश्न विचारायचा तर असं डोक्यावर हात ठेवून उभं राहायचं, अशी तिथली रीत. पूर्वी संसदेत केसांचे टोप घालायचे, तो पडू नये म्हणून हात. टोप गेले, हात राहिला. मला कसं ठाऊक असणार? दारिना तेल गळत असलेल्या कपाळाने माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि म्हणाली, "प्लीज कंटिन्यू." मला वाटलं सईला म्हणाली. ती मला म्हणत होती. मी तिचं डोकं चोळलं आणि वेणी घालून दिली. पुढचा सगळा वाद तिने डोळे मिटूनच केला.

वाद होता तिच्याच घरच्या गोष्टीवर. स्पर्धेत नेमकं वाक्य ऐनवेळी देतात, पण विषय कुठला त्याचा अंदाज आधी असतो. त्या मोसमात विषय होता युद्ध आणि बँका. सईने मला तिच्या मोडक्या मराठीत समजावलं. रशियाचा पुष्कळ पैसा युरोपातल्या बँकांत आहे. युद्ध सुरू झाल्यावर तो गोठवला, म्हणजे आहे तिथेच आहे पण मालकाला हात लावता येत नाही. आता त्यांच्या संसदांमधून भांडण चाललंय की तो पैसा उचलून युक्रेनला द्यावा का. घरं बांधायला, विजेची केंद्रं बांधायला, तोफा घ्यायला.

"द्यावा की," मी म्हटलं. "ज्याने मोडलं त्याने भरावं."

"ओके, पण आजी, बँकेत ठेवलेली वस्तू बँकेनेच उचलून दुसऱ्याला दिली, तर मग कोण ठेवणार? सगळे देश काढून घेणार. मग युरोपच वीक होणार."

"मग देऊ नये."

"पण मग शेजारचे छोटे देश घाबरतात ना. आज त्यांच्यावर, उद्या आमच्यावर."

"सई, तू एक काहीतरी बोल."

"तेच तर करायचं नसतं, आजी!"

मी सकाळी एका बाजूची असायचे, दुपारी दुसरीकडची. माझं मत फिरल्याने युरोपात काही बिघडलं नाही. मला कळत नव्हतं ते वेगळंच. जे आपल्याला पटत नाही ते छातीठोक कसं बोलायचं? सई म्हणायची, बाजू आपण निवडायची नाही, नाणं उडवून जी येईल ती. त्याने दुसऱ्याचं डोकं आतून कसं चालतं ते कळतं. मला ते नाटक वाटायचं. तरी ऐकत बसायचे. तळघरात ऊब होती, आणि दोन पोरी एवढ्या तावातावाने जगाची काळजी करताहेत हे बघायला बरं वाटायचं.

दुपारी दारिनाचा फोन वाजायचा. तिकडे तेव्हा रात्र. तिची आजी पडद्यावर दिसायची, डोक्याला रुमाल, मागे हिरवी भिंत. एकदा दारिनाने फोन माझ्यासमोर धरला. त्या बाईने मला तिच्या टोमॅटोची रोपं दाखवली, दह्याच्या डब्यांत लावलेली. मी माझी मेथी दाखवली. ती काहीतरी म्हणाली, मी काहीतरी म्हटलं. दोघींनाही ऐकायला कमी येत असल्यामुळे भाषेची अडचण अशी फारशी आली नाही. तिची रोपं माझ्या मेथीपेक्षा चांगली होती. ते मला आवडलं नाही.

तळघरात सराव करताना नाणं सई उडवायची. मनगटावर झेलायची, वरून हात ठेवायची, एकटी वाकून बघायची आणि सांगायची. नाणं हवेत असताना दारिना म्हणायची, "हेड्स," म्हणजे मुंडकं. आणि नेहमी मुंडकंच पडायचं. म्हणजे नेहमी दारिना सरकार, पैसा द्यावा म्हणणारी. विरोधी बाजू दर वेळी सईच्या गळ्यात. मी पायरीवर बसायचे, थोडी वरच्या अंगाला. तिथून सईचं मनगट नीट दिसायचं. मुंडकं प्रत्येक वेळी पडत नव्हतं.

सई हे का करते ते मला कळत होतं. मैत्रिणीच्या तोंडून, तिच्या आजीच्या खिडकीला पैसा देऊ नका, असं वदवायला तिला नको होतं. पोर प्रेमानेच करत होती. पण प्रेमाने माणसाला पांगळं करता येतं. मी आजारपणं काढलेली बाई आहे, मला ते ठाऊक आहे. हातात सगळं दिलेला माणूस उठत नाही.

एका दुपारी पुन्हा नाणं उडालं, पुन्हा सईने "हेड्स" म्हटलं. मी लसणाची परात बाजूला ठेवली. माझं इंग्रजी तेव्हा भाजीबाजारापुरतं. म्हटलं, "नो हेड. अदर साइड. एव्हरी डे, सई से हेड."

फोनवरचं घड्याळ तेवढं टिकटिक करत राहिलं.

दारिनाने सईचं मनगट धरून बघितलं. मग विचारलं, "ऑल ऑफ देम?"

सई लाल झाली. "आय जस्ट थॉट... तुला ते बोलावं लागू नये."

"यू फील सॉरी फॉर मी," दारिना म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सगळे सॉरी फील करतात. शाळेत, दुकानात, चर्चमध्ये. मला वाटलं होतं, इथे मी जिंकते."

मोजे ओलेच होते. तिने तसेच चढवले आणि गेली.

सई माझ्यावर तुटून पडली. "यू कान्ट जस्ट से दॅट, आजी! माझी एकच बेस्ट फ्रेंड होती!"

"आहे का होती ते तू ठरव," मी म्हटलं. "खरं होतं ते मी बोलले."

मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. पण त्यानंतरचे दिवस जड गेले, हे लिहायला हवं. सई शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि खोलीत जायची. जेवताना मंजिरी मला डोळ्यांनी विचारायची, मी भात वाढायचे. स्पर्धा जवळ येत होती. दोघींची नावं जोडीने दिलेली. पण स्पर्धेचं मला काही नव्हतं. युरोपचं काय ते युरोप बघेल. मला एवढंच दिसत होतं की सईला इथे खूप ओळखी आहेत आणि मैत्रीण एकच आहे. ती जाते की राहते, त्या मोसमात माझ्यापुरता प्रश्न तेवढाच होता. बाहेर बर्फ वितळून पुन्हा गोठत होता. वळचणीचं पाणी दिवसा टपकायचं, संध्याकाळी सुळके होऊन लटकायचं. मी तळघरात जाऊन कपडे वाळवायच्या यंत्राशेजारी उगाच बसून यायचे. ते यंत्र वाद घालत नाही.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात दारिना. सईला यायला अजून अवकाश होता, ते तिलाही माहीत होतं. म्हणाली, "आजी, कॅन आय प्रॅक्टिस? विथ यू?"

स्वयंपाकघरात ती टेबलाच्या पलीकडे उभी राहिली, मी अलीकडे भेंडी चिरत. तिने सुरुवात केली. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती विरोधी बाजू बोलतेय. "मनी", "बँक", "ट्रस्ट", "नो", "नॉट नाऊ" एवढे शब्द मला कळत होते. हे ती आईसमोर बोलू शकत नव्हती. सईसमोर तिला बोलायचं नव्हतं. राहिले मी. जिला अर्ध्याहून जास्त कळणार नाही, पण जी उठून जाणारही नाही.

थांबली आणि विचारलं, "गुड?"

"लाऊड," मी म्हटलं. "मोर लाऊड."

तिने पुन्हा केलं. आता आवाज मोठा. पण एका वाक्याच्या अर्ध्यावर ती थांबली. मी उठले नाही. जवळ घेतलं असतं तर रडून मोकळी झाली असती, आणि ते वाक्य जन्मभर अर्धंच राहिलं असतं. मी भेंडीचा देठ काढला आणि म्हटलं, "अगेन."

ती माझ्याकडे रागाने बघायला लागली. छान राग होता तो. त्या रागात तिने ते वाक्य पुरं केलं.

मागच्या दाराशी सई उभी होती. कधी आली कळलं नाही. बुटांखाली बर्फाचं तळं साठलं होतं, म्हणजे जरा वेळ झाला असावा. मला वाटलं, आता ही रडत गळ्यात पडणार, मग दोघी रडणार, मग मला चहा करावा लागणार. सईने बूट काढले. टेबलाजवळ आली. आणि एक हात डोक्यावर ठेवून, दुसरा पुढे करून उभी राहिली.

दारिना तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येस?"

सईने विचारलं, आणि लगेच ते मला मराठीतही सांगितलं: तुमच्या बँकांवर जगाचा भरवसा टिकेपर्यंत, फळ्या लावलेल्या खिडक्यांमागच्या म्हाताऱ्यांनी थंडीत काय पांघरायचं?

माझी सुरी थांबली. एवढं कडू मीसुद्धा बोलले नसते. पण दारिनाचा चेहरा मी पाहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे कुणी हळुवारपणे पाहत नव्हतं. तिने श्वास घेतला आणि उत्तर दिलं, लांबलचक, बोट आपटत. सईने दुसरा प्रश्न टाकला. तिने तोही परतवला. भेंडीची भाजी होईपर्यंत दोघी घसा फोडत होत्या. माफी कुणी मागितली नाही. भाजी मात्र दोघींनी पातेल्यातूनच खाल्ली.

स्पर्धेला मंजिरीने मलाही नेलं. शाळेची मुलं स्पर्धेत असली की पालकांना परीक्षक म्हणून जावं लागतं, दुसऱ्यांच्या मुलांचे वाद ऐकायला. मंजिरीची सकाळची पाळी झाली होती, म्हणून ती माझ्याशेजारी बसून कानात सांगत होती. शाळेचा वर्ग, लहान खुर्च्या, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. परीक्षक कुणाचे तरी वडील, नेमस्त, स्वेटर घातलेले. वाक्य आलं, गोठवलेला पैसा युक्रेनला द्यावा. नाणं त्यांनी उडवलं. सई आणि दारिनाला विरोधी बाजू.

सईने दारिनाकडे बघितलंच नाही. कागद सरळ केला. मला त्याचंच बरं वाटलं.

दारिना उभी राहिली आणि बोलली. मी तिकडची आहे, माझी आजी तिकडे आहे, हे एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खोली तिची झाली असती. समोरच्या मुलीने डोक्यावर हात ठेवून विचारलं की युद्धात घर गेलेल्या बाईच्या तोंडावर तुम्ही हे बोलू शकाल का? दारिना म्हणाली, "हो. आणि ती माझ्याशी भांडेल. भांडण्याचा तिचा हक्क मी काढून घेणार नाही." तिथे टाळ्या वाजवत नाहीत, पटलं तर टेबलावर बोटांनी ठकठक करतात. सईने इतक्या जोरात ठोकलं की परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं.

दोघी हरल्या. निकाल सांगताना परीक्षक प्रत्येकीला दोन शब्द सांगतात. दारिनाला ते फार मायेने म्हणाले, मंजिरीने जसंच्या तसं माझ्या कानात सांगितलं: "मुद्दे उत्तम होते. पण तू या विषयाकडे फार लांबून बघतेस. तिथल्या माणसांवर काय गुदरतंय ते तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही. जमलं तर तिकडच्या कुणाशी तरी बोल."

सई अर्धी उठली होती. टेबलाखालून दारिनाने तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. मग म्हणाली, "थँक यू. आय विल."

दोघी शांतपणे बाहेर आल्या. दार लागलं. दारिना भिंतीला टेकली, खाली सरकली, आणि हसायला लागली. सई तिच्याशेजारी बसली. दोघी पोटं धरून हसत होत्या, मुलांच्या कपाटांना पाठ लावून, काळ्या कोटांत. हसता हसता दारिनाचं रडणं कधी सुरू झालं ते सांगता यायचं नाही. सईने तिचे डोळे पुसले नाहीत, नुसती खांद्याला खांदा लावून बसली आणि मधूनच त्या परीक्षकांचा आवाज काढत राहिली, "तिकडच्या कुणाशी तरी बोल हं." की पुन्हा हसणं. येणारीजाणारी मुलं त्यांच्या पायांवरून ओलांडून जात होती.

मी मंजिरीला विचारलं, "त्या गृहस्थांना सांगायचं का?"

उत्तर दारिनाने दिलं. मराठी कळत नाही, पण मी दाराकडे बोट केलेलं तिने पाहिलं होतं. "नो, आजी," ती म्हणाली. "ही वॉज फेअर."

त्याला आता बराच काळ झाला. युद्ध चालूच आहे. त्या पैशाचं काय करायचं यावर अजून मोठमोठी माणसं मोठमोठ्या खोल्यांत बोलताहेत, असं मंजिरी बातम्या ऐकून सांगते. दारिनाची आजी अजून तिथेच आहे आणि अजून ऐकत नाही. सई शिकायला दुसऱ्या राज्यात गेली. दारिना इथल्याच विद्यापीठात आहे. सई नसली तरी ती बसने येते, जेवते, आणि माझ्या मिठाला नावं ठेवते.

या आठवड्यात सईला सुट्टी आहे. काल दुपारी दोघी माझ्या स्वयंपाकघरात होत्या. विषय तोच, पण आता नाणं नाही. जिला जे वाटतं ते ती बोलते. सई म्हणत होती, सगळा पैसा आजच द्या. दारिना म्हणत होती, एवढं सोपं असतं तर. आवाज चढले. सई म्हणाली, तुला कायद्याचा फार पुळका आलाय. दारिना म्हणाली, तुला दुसऱ्याच्या देशाबद्दल फार खात्री असते. सईला ते लागलं. मी पोळी लाटायची थांबले.

"से दॅट अगेन," सई म्हणाली आणि खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसली. "नीट सांग. मी ऐकतेय."

दारिना सांगायला लागली.